व्हेंटिलेटरवरील रुग्णास होणारा न्यूमोनिया : निदान कसे केले जाते आणि ते अवघड का असते



बोरगाव, निपाणी व आसपासच्या गावांतील गंभीर रुग्णांस बहुधा कोल्हापूर, मिरज अथवा बेळगाव येथील मोठ्या रुग्णालयांत हलवावे लागते. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर अंतरावर आहे. महामार्गावरील अपघात, मण्यार अथवा नागाचा दंश, शेतातील औषधफवारणीतून झालेली विषबाधा, पक्षाघात, तंबाखू व विडीच्या दीर्घ व्यसनाने जर्जर झालेली फुफ्फुसे, अशा अनेक कारणांनी रुग्ण अतिदक्षता विभागात दाखल होतो आणि त्यास व्हेंटिलेटर, म्हणजे कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र, लावले जाते. तीन-चार दिवसांनी डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आता न्यूमोनियाचा संशय आहे." नातेवाइकांच्या मनात तत्क्षणी प्रश्न उभा राहतो : रुग्ण तर डोक्यास मार लागला म्हणून आला होता, मग हा न्यूमोनिया आला कोठून? आणि दुसरा प्रश्न असा की, इतकी यंत्रे व इतक्या तपासण्या असताना डॉक्टर 'संशय आहे' असे का म्हणतात, 'आहे' किंवा 'नाही' असे निश्चित का सांगत नाहीत?

या दोन प्रश्नांची उत्तरे समजून घेणे प्रत्येक कुटुंबास उपयुक्त आहे. अपुऱ्या माहितीमुळे अशा वेळी गैरसमज होतात, डॉक्टर व नातेवाईक यांच्यात कटुता येते आणि क्वचित घाईने रुग्णास दुसरीकडे हलविण्याचा निर्णय घेतला जातो. म्हणून या विषयाची माहिती सोप्या भाषेत देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

कृत्रिम श्वासोच्छ्वासाची परंपरा

सन १९५२ च्या ऑगस्ट महिन्यात डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भीषण साथ आली होती. श्वसनाचे स्नायू लुळे पडून रुग्ण दगावत होते. त्या वेळी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णाच्या गळ्यास छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी घातली व रबरी पिशवी हाताने दाबून फुफ्फुसांत हवा भरण्याची पद्धत अवलंबिली. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रात्रंदिवस पिशव्या दाबून शेकडो रुग्णांचे प्राण राखले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा उगम या घटनेत मानला जातो.

आपल्याकडे मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया हे या शास्त्राचे अग्रणी होत. जे. जे. रुग्णालयातील श्वसन विभागात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनुर्वाताच्या रुग्णांस कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवून उपचार केले आणि १५० रुग्णांचा अनुभव सन १९८७ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध केला. धनुर्वाताचा रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावर असतो. अशा दीर्घ मुदतीच्या उपचारात मूळ रोगाइतकीच फुफ्फुसातील जंतुसंसर्गाची चिंता वैद्यांस वाहावी लागते. सन २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीत व्हेंटिलेटर जिल्हा व तालुका पातळीवरील रुग्णालयांतही मोठ्या संख्येने पोहोचले. त्यामुळे पूर्वी केवळ महानगरांपुरता असलेला हा विषय आता आपल्या दाराशी आला आहे.

हा न्यूमोनिया वेगळा का?

रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घातल्यानंतर ४८ तास उलटून गेल्यावर जो नवा न्यूमोनिया उद्भवतो, त्यास व्हेंटिलेटरशी संबंधित न्यूमोनिया असे म्हणतात. ४८ तासांची अट घालण्याचे कारण असे की, त्याआधी दिसणारा संसर्ग रुग्णाने बहुधा घरून अथवा अपघाताच्या ठिकाणाहूनच आणलेला असतो. उदाहरणार्थ, बेशुद्धावस्थेत उलटी फुफ्फुसात गेल्याने झालेला संसर्ग.

निरोगी मनुष्याच्या घशात व तोंडात असंख्य जंतू नांदत असतात, परंतु ते फुफ्फुसांत उतरत नाहीत. खोकला, घशातील पडदा आणि श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची सतत वर सरकणारी हालचाल हे तीन पहारेकरी त्यांस अडवितात. नळी घातल्याबरोबर हे तिन्ही पहारे एकदम सैल पडतात. नळी घशाचा पडदा सतत उघडा ठेवते, झोपेच्या औषधांनी खोकला मंदावतो आणि कफ वर सरकत नाही.

नळीच्या खालच्या टोकाभोवती एक लहान फुगा असतो. तो फुगविला की नळी व श्वासनलिका यांमधील फट बंद होते. तथापि, ती पूर्णपणे बंद होत नाही. तोंडातील लाळ व जठरातून वर आलेला द्रव फुग्याच्या वरच्या बाजूस साचतो आणि थेंबाथेंबाने खाली झिरपतो. शिवाय नळीच्या आतील पृष्ठभागावर जंतूंचा चिकट थर बसतो व यंत्राच्या प्रत्येक श्वासाबरोबर त्याचे कण खोल जाऊ शकतात. अतएव जी नळी प्राण वाचविते, तीच जंतूंनाही वाट करून देते. यात प्रत्येक वेळी कोणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही, हे ध्यानात घ्यावे.

कॅनडातील एका मोठ्या अभ्यासात, जो सन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला, असे आढळले की यंत्रावरील पाचव्या दिवशी हा धोका दररोज सुमारे ३ टक्के, दहाव्या दिवशी सुमारे २ टक्के व पंधराव्या दिवशी सुमारे १ टक्का असतो. म्हणजे पहिला आठवडा विशेष जपण्याचा होय. भारतातील सात शहरांतील रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांचा अभ्यास सन २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हेंटिलेटरच्या दर १,००० दिवसांमागे १०.४६ इतके या न्यूमोनियाचे प्रमाण आढळले. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, १०० रुग्ण प्रत्येकी १० दिवस यंत्रावर राहिले तर त्यांपैकी सुमारे दहा जणांस हा आजार झाला असे समजावे.

डॉक्टरांस संशय केव्हा येतो?

रुग्ण बेशुद्ध असल्याने छातीत दुखते, धाप लागते असे तो सांगू शकत नाही. त्यामुळे डॉक्टरांस बाह्य चिन्हांवरच अवलंबून राहावे लागते. प्रचलित नियम असा आहे की, छातीच्या एक्स-रेमध्ये नवीन अथवा वाढत जाणारी सावली दिसली पाहिजे आणि तिच्या जोडीला पुढील तीनपैकी किमान दोन चिन्हे असली पाहिजेत :

१. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइटच्या वर असणे.

२. रक्तातील पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर जाणे किंवा ४,००० च्या खाली येणे.

३. नळीतून सक्शनने काढलेला कफ पुवासारखा घट्ट व पिवळसर होणे.

याशिवाय यंत्रातून द्यावा लागणारा प्राणवायू एकाएकी वाढवावा लागणे हेही महत्त्वाचे लक्षण मानले जाते. या नियमाचा पाया सन १९७२ मध्ये घातला गेला आणि आजही जगभरातील डॉक्टर सर्वप्रथम याच चिन्हांकडे पाहतात.

परंतु अडचण येथूनच सुरू होते. अतिदक्षता विभागातील रुग्णास ताप येण्याची कारणे अनेक असतात. सलाइनच्या नळीतून झालेला संसर्ग, लघवीच्या नळीतील संसर्ग, शस्त्रक्रियेची जखम, औषधांची प्रतिक्रिया, मेंदूस झालेली इजा, रक्त देण्याची प्रक्रिया, यांपैकी कशानेही ताप येतो. पांढऱ्या पेशी मोठ्या अपघातानंतर केवळ शरीरास बसलेल्या धक्क्यानेही वाढतात. कफ घट्ट होणे हे श्वासनलिकेच्या वरवरच्या दाहानेही घडते आणि त्या वेळी फुफ्फुस निर्दोष असू शकते.

एक्स-रे पुरेसा का नाही?

अनेकांची अशी समजूत असते की एक्स-रे काढला म्हणजे न्यूमोनिया स्पष्ट दिसतो. चालत येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी खरे आहे. अतिदक्षता विभागात मात्र रुग्ण आडवा असतो. एक्स-रेचे यंत्र खाटेजवळ आणून चित्र घेतले जाते, रुग्णास श्वास रोखून धरा असे सांगता येत नाही आणि छातीवर तारा व नळ्या असतात. चित्र त्यामुळे धूसर येते.

शिवाय एक्स-रेवरील पांढरी सावली म्हणजे त्या जागी हवेऐवजी दुसरे काही तरी आहे, एवढेच. ते पू असेल, पाणी असेल, रक्त असेल किंवा कफाच्या बोळ्यामुळे फुफ्फुसाचा तो भाग मिटून गेलेला असेल. हृदय दुर्बळ असल्यास फुफ्फुसात पाणी साचते, अपघातात फुफ्फुसास मुका मार लागून रक्त साकळते, विषबाधेत फुफ्फुसास सूज येते. या सर्वांची सावली परस्परांशी मिळतीजुळती असते. कफाच्या बोळ्याने मिटलेला भाग फिजिओथेरपी व सक्शननंतर काही तासांतच पुन्हा उघडू शकतो. न्यूमोनियाची सावली इतक्या लवकर जात नाही. म्हणून डॉक्टर एकाच चित्रावर न थांबता लागोपाठच्या दिवसांची चित्रे शेजारी ठेवून पाहतात. अलीकडे खाटेजवळच केली जाणारी फुफ्फुसाची सोनोग्राफीही साहाय्यभूत ठरू लागली आहे. आवश्यक वाटल्यास सीटी स्कॅनही करतात, परंतु यंत्रावरील रुग्णास तेथवर नेणे हेच जोखमीचे असते.

ही चिन्हे कितपत विश्वसनीय?

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी स्पेनमधील बार्सिलोना येथील डॉक्टरांनी सन १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रावर असताना मरण पावलेल्या २५ रुग्णांच्या फुफ्फुसांचे तुकडे मृत्यूनंतर लगेच तपासून, आधी बांधलेले निदान खरे होते काय हे त्यांनी पडताळले. एक्स-रेतील सावली व तीनपैकी दोन चिन्हे हा नियम लावला असता, खरोखर न्यूमोनिया असलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्ण ओळखले गेले आणि न्यूमोनिया नसलेल्यांपैकी ७५ टक्के रुग्णांस 'नाही' असे बरोबर सांगता आले. याचा अर्थ असा की, आजार असलेल्या दर शंभरांमागे सुमारे ३१ जण सुटून जातील आणि आजार नसलेल्या दर शंभरांमागे सुमारे २५ जणांवर विनाकारण न्यूमोनियाचा शिक्का बसेल.

रुग्णांची संख्या लहान होती, तरीही या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली. खाटेजवळचे निदान हे निश्चित उत्तर नसून साधार अनुमान असते. डॉक्टर 'संशय आहे' असे म्हणतात, तेव्हा ते टाळाटाळ करीत नसतात. त्या घडीस जितके खात्रीने सांगता येते तितकेच ते सांगत असतात.

कफाची तपासणी : वस्ती आणि उपद्रव यांतील भेद

पुढची पायरी म्हणजे कफाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविणे. येथे आणखी एक पेच असतो. नळी घातल्यावर थोड्याच दिवसांत श्वासनलिकेत जंतू वस्ती करतात. अशी वस्ती जवळजवळ प्रत्येक रुग्णात आढळते व तिच्यावर औषधाची आवश्यकता नसते. म्हणून 'कल्चरमध्ये जंतू आले' एवढ्यावरून न्यूमोनिया सिद्ध होत नाही. ते जंतू केवळ वस्तीस आहेत की फुफ्फुसात उपद्रव करीत आहेत, हा खरा प्रश्न होय.

हा भेद करण्यासाठी जंतूंची संख्या मोजण्याची पद्धत रूढ झाली. नमुना घेण्याचे मुख्य तीन प्रकार आहेत. पहिला, नळीतून साध्या सक्शनने कफ ओढून घेणे. दुसरा, दुर्बिणीने फुफ्फुसाच्या संशयित भागात थोडे सलाइन सोडून ते परत ओढून घेणे. तिसरा, झाकण असलेल्या सूक्ष्म ब्रशने खोलवरचा नमुना घेणे. पहिल्या प्रकारात मिलिलिटरमागे सुमारे १ लाख, दुसऱ्यात १० हजार व तिसऱ्यात १ हजार जंतू ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. संख्या मर्यादेच्या वर गेली तर उपद्रव, खाली राहिली तर बहुधा वस्ती, असा हिशेब असतो. नमुना जितका खोलवरचा, तितका वरच्या भागातील जंतूंचा भेसळ कमी व म्हणून मर्यादाही लहान.

नमुना घेण्यापूर्वीच नवीन प्रतिजैविक सुरू केले तर जंतूंची संख्या घटते आणि कल्चर खोटे निर्दोष येऊ शकते. म्हणून शक्य तेथे आधी नमुना व लगेच औषध, हा क्रम पाळला जातो.

दुर्बिणीने तपासणी करावी की साधा कफ पुरे, यावर बराच काळ वाद चालला. सन २००० मध्ये फ्रान्समधील ३१ अतिदक्षता विभागांतील ४१३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खोलवरच्या नमुन्यावर आधारित उपचार केलेल्या गटात चौदा दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १६.२ टक्के, तर दुसऱ्या गटात २५.८ टक्के आढळले. त्याउलट सन २००६ मध्ये कॅनडा व अमेरिकेतील २८ विभागांतील ७४० रुग्णांच्या अभ्यासात दोन्ही पद्धतींत अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे १८.९ व १८.४ टक्के, निघाले. या दुसऱ्या अभ्यासात काही चिवट जंतूंची वस्ती आधीपासून असलेल्या रुग्णांस वगळले होते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

पुढे सन २०१६ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी साध्या सक्शनच्या कफास पसंती दिली, तर सन २०१७ च्या युरोपीय तत्त्वांनी खोलवरच्या नमुन्याकडे कल दर्शविला. तात्पर्य, एका रुग्णालयात दुर्बिणीने तपासणी झाली व दुसऱ्यात झाली नाही, एवढ्यावरून कोणताही एक उपचार कमी दर्जाचा ठरत नाही. दुर्बिणीची तपासणी चालू असताना रुग्णाचा प्राणवायू उतरू शकतो, हा धोकाही तोलावा लागतो.

येथे एका जुन्या व स्वस्त तपासणीचा उल्लेख केला पाहिजे. सन १८८४ मध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने जंतूंस रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. कल्चरचे पूर्ण उत्तर येण्यास साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात, तर ग्रामच्या रंगाची तपासणी तासाभरात होऊ शकते. जपानमधील एका अभ्यासात, जो सन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, या तपासणीच्या आधारे औषध निवडले असता गुण तितकाच आला व प्रबळ प्रतिजैविकांचा वापर घटला. महागडी यंत्रसामग्री नसलेल्या रुग्णालयासही ही तपासणी शक्य आहे.

रक्ताच्या तपासण्या व गुणपद्धती

सीआरपी व प्रोकॅल्सिटोनिन या रक्ततपासण्यांची नावे अलीकडे नातेवाइकांच्या कानावर वारंवार पडतात. शरीरात दाह असल्यास या दोन्हींचे प्रमाण वाढते. परंतु तो दाह फुफ्फुसातील जंतूंचाच आहे, हे त्या सांगू शकत नाहीत. म्हणून औषध सुरू करावे की नाही हे केवळ त्यांवरून ठरवू नये, असे सन २०१६ ची तत्त्वे सांगतात. औषध केव्हा थांबवावे हे ठरविताना मात्र प्रोकॅल्सिटोनिनचा उतरता आकडा उपयोगी पडतो.

सन १९९१ मध्ये जिनिव्हा येथील डॉक्टरांनी ताप, पांढऱ्या पेशी, कफ, प्राणवायूची स्थिती, एक्स-रे व कल्चर या सहा बाबींस प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत सुचविली. एकूण बारांपैकी सहाहून अधिक गुण झाल्यास न्यूमोनियाची शक्यता अधिक, असा तिचा नियम होता. ही पद्धत सोयीची असली तरी पुढील अनुभवात तिचा भरवसा मर्यादितच ठरला. आज ती विचारास दिशा देणारे एक साधन म्हणूनच वापरली जाते.

दोन्ही बाजूंची हानी

निदानात चूक झाली तर काय बिघडते, असा प्रश्न येथे साहजिक आहे. चूक दोन प्रकारची असते आणि दोन्हींची किंमत मोठी असते.

आजार असून ओळखला गेला नाही, तर योग्य औषधास उशीर होतो व रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून रक्तदाब खालावत असेल अथवा प्राणवायू झपाट्याने उतरत असेल, तर डॉक्टर अहवालाची वाट न पाहता प्रबळ प्रतिजैविके सुरू करतात.

आजार नसताना तो आहे असे समजले गेले, तर तापाचे खरे कारण शोधणे मागे पडते. दुसरीकडे, नको असलेल्या प्रतिजैविकांनी मूत्रपिंडास इजा होऊ शकते, पोट बिघडते आणि औषधास दाद न देणारे जंतू बळावतात. आपल्या देशात ही चिंता विशेष आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतातील अतिदक्षता विभागांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला व स्यूडोमोनास या जंतूंचा प्रादुर्भाव अधिक आढळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने सन २०१३ मध्ये सुरू केलेल्या पाहणी-जाळ्याच्या अहवालांतून असे दिसते की, अ‍ॅसिनेटोबॅक्टरचे बहुसंख्य नमुने कार्बापेनेम गटातील प्रबळ औषधांसही दाद देत नाहीत. मग कोलिस्टिनसारखे, मूत्रपिंडास घातक ठरू शकणारे जुने औषध काढावे लागते. आज एका रुग्णास विनाकारण दिलेले औषध उद्या शेजारच्या खाटेवरील रुग्णासाठी निरुपयोगी ठरू शकते.

यांतून जो मध्यममार्ग निघाला तो असा : नमुना घ्यावा, त्या रुग्णालयात आढळणाऱ्या जंतूंचा विचार करून औषध सुरू करावे आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल व रुग्णाची स्थिती पाहून फेरविचार करावा. जंतू ओळखला गेला तर नेमके औषध ठेवून बाकीची कमी करावीत. कल्चर निर्दोष असेल व रुग्ण सुधारत असेल तर औषध बंद करण्याचाही विचार करावा. फ्रान्समधील ४०१ रुग्णांच्या सन २००३ च्या अभ्यासात आठ दिवसांचा उपचार बहुतेकांस पंधरा दिवसांच्या उपचाराइतकाच गुणकारी ठरला. सध्याची तत्त्वे सर्वसाधारणपणे सात दिवसांची मुदत सुचवितात.

म्हणून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एखादे इंजेक्शन बंद केले, तर 'आधी चुकले होते' अथवा 'आता उपचार सोडून दिले' असा अर्थ काढू नये. निदानाची ती नियोजित दुसरी पायरी असते.

नातेवाइकांनी काय करावे?

१. रुग्णास निपाणीहून अथवा अन्य ठिकाणाहून हलविताना पहिल्या रुग्णालयातील कागदपत्रे, एक्स-रे व दिलेल्या इंजेक्शनांची यादी बरोबर न्यावी. मागील ९० दिवसांत शिरेतून प्रतिजैविके दिली गेली असतील तर चिवट जंतूंची शक्यता वाढते, म्हणून ही माहिती निदानास फार मोलाची असते. जुना एक्स-रे नसेल तर 'नवीन सावली' ओळखणेच कठीण होते.

२. दमा, क्षयरोग, हृदयविकार, मधुमेह, तंबाखू, विडी वा मद्य यांचे व्यसन यांविषयी संकोच न करता खरी माहिती द्यावी.

३. डॉक्टरांस नम्रपणे पुढील प्रश्न विचारावेत : कफाचा नमुना पाठविला आहे काय? अहवाल केव्हा येईल? तो आल्यावर औषधांत बदल होईल काय? नळी काढण्याचा प्रयत्न केव्हा करता येईल? 'सर्वांत भारी औषध द्या' असा आग्रह धरू नये.

४. रुग्णास स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ धुवावेत. एका वेळी एकानेच आत जावे. सर्दी-खोकला असलेल्याने जाऊ नये.

५. भाविकांस विशेष विनंती अशी की, नळी घातलेल्या रुग्णाच्या मुखात तीर्थ, प्रसाद, पाणी अथवा मध यांचा एक थेंबही घालू नये. तो थेंब फुग्याच्या वर साचून तोंडातील जंतूंसह फुफ्फुसात उतरू शकतो. अंगारा लावावयाचा झाल्यास आधी सिस्टरांस विचारावे व त्याची धूळ नळीजवळ जाऊ देऊ नये. श्रद्धा हात जोडूनही व्यक्त होते.

६. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवलेले असते. रुग्णास त्रास होत असेल असे वाटून ते स्वतः खाली करू नये. बार्सिलोना येथील सन १९९९ च्या अभ्यासात पाठीवर सपाट झोपविलेल्या रुग्णांपैकी ३४ टक्क्यांत, तर डोके उंच ठेवलेल्यांपैकी केवळ ८ टक्क्यांत या न्यूमोनियाचा संशय आला होता.

रुग्णालयाच्या बाजूने दात व तोंड ब्रशने स्वच्छ ठेवणे, फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतका राखणे, फुग्यावर साचलेला द्रव ओढून घेणे, झोपेचे औषध दररोज थोडा वेळ थांबवून रुग्ण स्वतः श्वास घेतो काय हे पाहणे आणि शक्य तितक्या लवकर नळी काढणे, हे उपाय केले जातात. यांपैकी नळी लवकर निघणे हाच सर्वांत खात्रीचा प्रतिबंध होय.

गावातील कोणाचा रुग्ण अतिदक्षता विभागात असेल, तर जाणत्या सभासदांनी त्या कुटुंबाबरोबर जाऊन डॉक्टरांशी बोलताना शांतपणे साथ द्यावी. कल्चरच्या अहवालाची वाट पाहण्याचे ते दोन-तीन दिवस फार कठीण असतात. त्या काळात कागदपत्रे सांभाळणारा, हात धुवून एकेकास आत पाठविणारा व योग्य प्रश्न विचारणारा एक जाणता माणूस जवळ असणे हाही कुटुंबास मोठा आधार असतो.

सूचना : सदर लेख केवळ सर्वसाधारण माहितीसाठी दिला असून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच सल्ला अंतिम मानावा, ही विनंती.